सांगू नका, दिसू द्या

नमस्कार मंडळी! एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं), ऑटिझम (इतरांशी संवाद आणि मिसळणं वेगळ्या तऱ्हेनं होणं) किंवा लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन, लेखन, गणित शिकताना अडचण येणं) असलेलं मूल ज्या घरात आहे तिथली सकाळ डोळ्यासमोर आणा, एक मोजा सापडत नाही, भूगोलाची वही टेबलावरच राहिलीये, रिक्षावाले काका खाली हॉर्न देतायत आणि आई ओरडतेय, अरे रोज किती वेळा सांगायचं!

हे मूल आळशी नाहीये हो. दप्तरात काय काय भरायचं विचारा, धडाधड सांगेल. कळतं पण वळत नाही, कारण काम सुरू करणं, वेळेचा अंदाज घेणं, तीन सूचना एकदम डोक्यात धरणं, हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागावर बरंच अवलंबून असतं आणि तोच भाग सावकाश तयार होत असतो. अमेरिकेत 2007 साली एमआरआय स्कॅनवरून झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मेंदूच्या वरच्या थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसात वर्षांची असताना गाठतात, तो एडीएचडीवाली मुलं साडेदहाच्या आसपास गाठतात. मग बाराव्या वर्षी "घोडा झालास, आता तुझं तू बघ" म्हणून कसं चालेल?

रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगतायत की मदत जिथं गाडी अडते तिथंच आणि तेव्हाच हवी. रात्री जेवताना दिलेलं लेक्चर सकाळी उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा भरलेल्या दप्तराचा फोटो काढून दाराच्या आतल्या बाजूला मुलाच्या उंचीवर चिकटवा, वह्या, डबा, बाटली, आयकार्ड सगळं दिसेल असा, आणि सुरुवातीला तुम्हीही शेजारी उभे राहा, काही बोलू नका, नुसतं फोटोकडे बोट दाखवा. जमायला लागलं की हळूहळू मागे सरका, पण दारावरचा फोटो तसाच राहू द्या, चष्मा लागलेल्या मुलाचा चष्मा आपण काढून घेतो का?

टीनएजर्सना मात्र विचारून करा, नाहीतर चार्ट दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाईल. "अभ्यास कर" हे त्यांना डोंगराएवढं वाटतं, "गणिताची वही उघड आणि पहिलं उदाहरण फक्त उतरवून घे" हे जमतं, एकदा पेन चाललं की पुढचं बऱ्याचदा होतं. आणि दहावीच्या पालकांनो, डिसॅबिलिटीच्या सर्टिफिकेटवर पेपरला जादा वेळ मिळतो तो जरूर घ्या, पण वेळच न जाणवणाऱ्या मुलाला नुसता वेळ पुरत नाही, म्हणून घरी सराव करताना काट्याचं घड्याळ समोर ठेवा आणि काटा कुठे येईपर्यंत पहिला प्रश्न संपवायचा ते त्यालाच ठरवू द्या.