कवच रात्री घडतं

नमस्कार. आजचा विषय फलकावर लिहिलेला आहे: परसातली कोंबडी मऊ कवचाची अंडी घालू लागली, तर शोध कुठून सुरू करायचा. तुमच्यापैकी बहुतेकांकडे कोंबड्या आहेत, तेव्हा सकाळी खुराड्यात हात घातल्यावर कवचाऐवजी लिबलिबीत पडदा हाताला लागणं म्हणजे काय, हे मी वर्णन करून सांगायची गरज नाही.

आधी एक विचारतो. 'मऊ अंडं' म्हटल्याबरोबर 'कॅल्शियम कमी पडलं' असं ज्यांच्या मनात आलं, त्यांनी हात वर करा. जवळजवळ सगळेच! आता खाली घ्या, नाहीतर प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणाचाच वर व्हायचा नाही. तुमचं उत्तर चूक नाही. बऱ्याच वेळा ते बरोबरही निघतं. माझी तक्रार एवढीच आहे की हे उत्तर प्रश्न पुरा व्हायच्या आत येतं. अंडं कुठे सापडलं, कोंबडीचं वय काय, रात्री काय घडलं, हे कोणी विचारत नाही. 'शिंपले घाला' म्हणतात आणि विषय संपतो.

अंड्याचं वेळापत्रक एकदा बघा. बीजांडकोशातून बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण 24 ते 26 तास जातात. त्यातल्या पहिल्या तीनेक तासांत बलकाभोवती पांढरं जमतं, पुढच्या तास-सव्वा तासात दोन पडदे चढतात. म्हणजे चार-पाच तासांत आतला सगळा माल तयार. राहिलेले जवळपास 20 तास एकाच कामासाठी असतात, ते म्हणजे कवच. कोंबडी बहुधा सकाळी अंडं घालते आणि त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो. हिशेब मांडलात तर कवचाचं सर्वांत जोरात चालणारं काम रात्रीच्या अंधारात येतं. तेव्हा कोंबडी दांडीवर बसलेली असते आणि खाणं-पिणं बंद असतं. म्हणून मी म्हणतो, मऊ अंडं दिसलं की खाद्याच्या पोत्याकडे जायच्या आधी कालच्या रात्रीकडे बघा.

आता एक हकीकत. माझ्या ओळखीच्या एका बाईंकडे चार कोंबड्या होत्या. चारही ऐन भरात, वर्षाच्या आतबाहेरच्या. मधूनच एखाद्या सकाळी मऊ अंडं सापडायचं. सल्ल्यांची कमतरता नव्हती. एकाने पाण्यात कॅल्शियमचं औषध घालायला सांगितलं. दुसऱ्याने खाद्यात चुनखडीची पूड मिसळायला सांगितली. तिसऱ्याने प्रमाण दुप्पट करायला सांगितलं. त्या बाईंनी सगळं मनापासून केलं. कोंबड्यांनी पुडीवाल्या खाद्याकडे पाठ फिरवली, भांड्यात पीठ तेवढं उरायला लागलं. मऊ अंडी चालूच. मग ठरलं की दोष तांबड्या कोंबडीचाच. का, तर ती सगळ्यांत गलेलठ्ठ आणि भांडखोर! तिला कापायचीच गोष्ट निघाली. याचा मला आजही राग येतो. पुराव्याशिवाय शिक्षा, तीही जिला स्वतःची बाजू मांडता येत नाही अशा जिवाला.

मी त्यांना दोनच प्रश्न विचारले. मऊ अंडं घरट्यात सापडतं की दांडीखाली? त्या म्हणाल्या, दांडीखाली, विष्ठेत पडलेलं. दुसरा प्रश्न: इतर अंड्यांमध्ये एखादं कमरेला वळ असलेलं दिसतं का? त्यांनी स्वयंपाकघरातली टोपली आणली. दोन अंड्यांच्या मधोमध उंचवट्याची कड होती, हाताला सहज लागणारी.

हे दोन्ही धागे रात्रीकडे जातात. पुरं झालेलं अंडं घालायचं असतं तेव्हा कोंबडी घरट्यात जाते. दांडीखाली पडलेलं अंडं म्हणजे काम अर्धवट असतानाच बाहेर ढकललं गेलेलं, आणि असं होण्याचं एक मोठं कारण म्हणजे भीती. कमरेचा वळही तसाच. कवच अजून कोवळं असताना कोंबडी दचकून उडाली, धडपडली की ते आतच तडकतं. मग कवच चढवणारी ग्रंथी त्या तड्यावर पुन्हा थर चढवते आणि कड उमटते. तांबडीच्या कमरेचा नव्हे, अंड्याच्या कमरेचा पुरावा घ्या, असं मी त्यांना म्हणालो.

रात्री बॅटरी घेऊन बघितलं तर उंदीर. संध्याकाळी उरलेलं खाद्य भांड्यात तसंच राहत होतं, त्यासाठी ते जाळीच्या फटीतून यायचे आणि दांडीवरून पळायचे. भांडं रात्री झाकणाच्या डब्यात जाऊ लागलं, फट बारीक जाळीने बुजवली, आणि पुढच्या काही दिवसांत मऊ अंडी थांबली. तांबडी वाचली. उंदीर असो, मांजर असो, अचानक लागणारा दिवा असो की दांडीवरची भांडणं, शोधाची पद्धत हीच.

संयोजकांनी चिठ्ठी दिली आहे. थोडीच मिनिटं उरली आहेत आणि मुख्य तपास अजून व्हायचाच आहे, तेव्हा आता भरभर.

वय. नुकतीच अंड्यावर आलेली तलंग पहिल्या काही अंड्यांत एखाद-दुसरं मऊ घालतेच, यंत्रणा बसायला वेळ लागतो. तिला औषधं पाजू नका. म्हातारीचं उलट असतं. अंडं मोठं होत जातं, कवचाचा माल तेवढाच राहतो, म्हणून पातळ होतं. पंखगळतीच्या आधीही कवच बिघडतं. तेव्हा विश्रांती हाच उपाय.

खाद्य. एका कवचात दोन ग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम असतं. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते साधारण 4 टक्के असतं. दिवसाला 110 ग्रॅम खाल्लं तर 4.4 ग्रॅम, त्यातलं निम्मं अंगी लागलं की कवच कसंबसं निघतं. आता त्यातले 40 ग्रॅम काढून मका किंवा गहू घाला. धान्यात कॅल्शियम नावापुरतंच. उरलं 2.8 ग्रॅम, अंगी लागलं 1.4. बाकीचं ती स्वतःच्या हाडांतून काढते, आणि असं किती दिवस काढणार? लाडाने टाकलेली मूठभर दाणे-उष्ट्याची भर अशी महाग पडते. वाढीच्या वयाचं खाद्य अंड्यावरच्या कोंबडीला चालू ठेवलं असेल, तर त्यात कॅल्शियम जेमतेम 1 टक्का.

आणि पूड का नको? बारीक पूड लवकर विरघळून पुढे जाते. 2 ते 4 मिलिमीटरचे शिंपल्याचे तुकडे पेषणीत, म्हणजे खाद्य दळणाऱ्या जठरात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, नेमके लागतात तेव्हा. पुन्हा रात्रच! ते वेगळ्या भांड्यात ठेवा, गरज असेल ती कोंबडी स्वतः खाते. पिल्लांच्या खाद्यात मात्र मिसळू नका, जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. कोंबडी सतत बंदिस्त असेल तर डी3 जीवनसत्त्वही बघा, त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही.

उष्णता. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. धापा टाकणारी कोंबडी श्वासातून कार्बन डायऑक्साइड घालवते, रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे कवचातल्या कार्बोनेटचा कच्चा माल, घटतं, आणि शिंपले भरपूर असूनही कवच पातळ होतं. त्यात ती खातेही कमी. सावली, गार पाणी, वारा, आणि पहाटेच्या गारव्यात खाद्य.

रोग. एकाच कोंबडीची तक्रार असेल तर तिच्यात शोधा. अनेकींनी एकदम मऊ अंडी घातली, संख्या घसरली, शिंका-घरघर ऐकू आली, अंड्यातलं पांढरं पाण्यासारखं झालं, तर संसर्गजन्य ब्रॉंकायटिस किंवा मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका घ्या आणि पशुवैद्यक बोलवा. एग ड्रॉप सिंड्रोम या विषाणूजन्य रोगात कोंबड्या वरून ठणठणीत दिसतात आणि अंडी बिनकवचाची पडतात, म्हणून फसगत होते. अलीकडे कोणतं औषध दिलं तेही आठवा. सल्फानिलामाइडसारखं सल्फा औषध कवचग्रंथीतल्या एका आवश्यक एंझाइमला अडवतं.

शेवटचं, आणि हे घाईतही नीट ऐका. कोंबडी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहिली, कुंथते आहे, पोट फुगलं आहे, तर मऊ अंडं आत अडकलं असण्याचा धोका आहे. आतल्या स्नायूंना त्याच्यावर पकड मिळत नाही म्हणून ते कडक अंड्यापेक्षा अवघड निघतं. दाबून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर संसर्ग होतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. खाली पडलेलं मऊ अंडं लगेच उचला, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते. आणि ते तुम्हीही खाऊ नका, कारण विष्ठेतले जंतू रोखायला नुसता पडदा पुरत नाही.