चंदनाच्या डोंगरावरचं जुजुत्सू

(दृश्य : हिलोचा किनारा, रिमझिम पाऊस)

हवाई बेटांमधल्या सगळ्यात मोठ्या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे हिलो. इथं पाऊस फारसा उसंत घेत नाही. १९०९ च्या सुमारास याच गावात १९ वर्षांच्या एका जपानी पोराला क्षय झाल्याचं निदान झालं. क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून तीसेक वर्षं होती. घरादाराला काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

पोराचं नाव सेइशिरो ओकाझाकी. जन्म १८९० चा, जपानमधल्या फुकुशिमा प्रांतातल्या काकेदाचा. १६ व्या वर्षी, १९०६ मध्ये, तो हवाईला आला. इथल्या उसाच्या मळ्यांवर राबायला १८८५ पासून जपानी मजुरांची जहाजंच्या जहाजं येत होती. त्याआधी चिनी आले, पोर्तुगीज आले. मागाहून फिलिपिनोही आले. ही गर्दी ध्यानात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्यातूनच उगवते.

आजारी ओकाझाकी हिलोतल्या योशिमात्सु तानाका यांच्या डोजोत जाऊ लागला. डोजो म्हणजे जपान्यांची तालीम. तिथं तो जुजुत्सूचा, म्हणजे शस्त्राविना लढायच्या जुन्या जपानी विद्येचा, जीव तोडून सराव करायचा. आणि तो बरा झाला. आता क्षयाचे काही रोगी औषधाविनाही बरे होत, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. ओकाझाकीनं मात्र आपला हिशेब मांडून टाकला : हा जीव जुजुत्सूनं वाचवला, तेव्हा तो जुजुत्सूलाच द्यायचा.

इथवर गोष्ट तशी ओळखीची आहे. वेगळेपण पुढे आहे. हा गडी एका गुरूपाशी थांबला नाही. योशिन-र्‍यूसारख्या जुन्या जपानी शैली त्यानं घेतल्याच, शिवाय वो चाँग नावाच्या चिनी उस्तादाकडून कुंग फू घेतलं. हवाईच्या मूळ रहिवाशांची 'लुआ' ही सांधे निखळवणारी, हाडं मोडणारी विद्या. ती सहसा परक्याला मिळत नसे. तीही त्यानं डेव्हिड काइन्ही यांच्याकडून मिळवली. ओकिनावाचं कराटे, फिलिपिनोंची सुरीची लढत, काहीच वर्ज्य नव्हतं. मळ्यावरच्या चाळींत जे जे लोक राहत होते, त्यांची त्यांची कुस्ती त्याच्या अंगात उतरत गेली.

(दृश्य : मुष्टियुद्धाचं रिंगण, जुनी कृष्णधवल चित्रं)

१९२२ मध्ये हिलोत के. ओ. मॉरिस नावाचा मुष्टियोद्धा आला. जुजुत्सूवाल्यांनी समोर यावं, असं त्याचं आव्हान. ओकाझाकी उतरला आणि पहिल्याच फेरीत त्याचं नाक फुटलं. दुसऱ्या फेरीत त्यानं ठोसा चुकवला, आत शिरून मॉरिसला आपटलं आणि दंड असा पकडला की लढत तिथंच संपली. लोकांना विजय लक्षात राहिला. आम्हाला ते फुटलेलं नाक जास्त बोलकं वाटतं. अंगावर घेतल्याशिवाय ठोसा कळत नाही, आणि ठोसेबाजाशी कसं लढायचं हे जपानी पोथ्यांत त्याला आयतं मिळणार नव्हतं.

१९२४ मध्ये तो जपानला गेला. पन्नासेक डोजो पालथे घातले आणि ६७५ डाव गोळा केले, असं त्याची शिष्यपरंपरा सांगते. मोजणारा कोण होता देव जाणे! पण परतल्यावर त्यानं या साऱ्याची जी घडी बसवली, ती पक्की आहे. तिचं नाव दानझान-र्‍यू.

नावाचं मूळ जपानात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईतून चीनला चंदनाची लाकडं इतकी गेली की काही दशकांत इथलं चंदन संपत आलं. चिनी लोकांनी या बेटांना नाव दिलं 'चंदनाचा डोंगर'. हवाईची राजधानी होनोलुलू, तिला ते आजही तेच म्हणतात. 'दानझान' हे त्याच नावाचं आखूड जपानी रूप. वो चाँगला केलेला हा नमस्कार, असं परंपरेत मानतात. म्हणजे जपानी विद्येचं बारसं चिनी नावानं, तेही हवाईच्या मातीवर.

(दृश्य : मनगट धरलेला हात, संथ गतीत)

दानझान-र्‍यूची पहिली पायरी 'यावारा'. पहिला धडा : कुणी मनगट धरलं तर सोडवून घ्यायचं. ओढाताण करायची नाही. पकड कुठं कच्ची असते? अंगठा आणि बोटं जिथं मिळतात तिथं. मनगट वळवून त्या फटीतून बाहेर काढायचं. हे दहा वर्षांच्या मुलीलाही जमतं.

मुलीलाही, हे मुद्दाम म्हटलं. जपानी नसलेल्यांना ही विद्या देऊ नये, असा त्या काळी दंडक होता. ओकाझाकीनं तो मोडला. कुठल्याही वंशाचा माणूस असो, बाई असो, दार उघडं. स्वकीयांचा रोष ओढवला, पण तो बधला नाही. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नावातच 'अमेरिकन' आहे : अमेरिकन जुजित्सू इन्स्टिट्यूट.

होनोलुलूत त्याचा चरितार्थ मात्र मोडण्यावर नव्हे, जोडण्यावर चालला. निक्को नावाच्या आपल्या उपचारगृहात तो मालिश करी, सांधे बसवी. आपल्याकडे वस्ताद मुरगळलेला पाय बसवून देतो, तसंच. पुढच्या पायरीवरच्या शिष्यांना 'सेइफुकुजुत्सू' हे उपचारशास्त्र शिकावंच लागे.

ओकाझाकी १९५१ मध्ये गेला. त्याच्या परंपरेत घडलेल्या वॉली जे नावाच्या चिनी वंशाच्या होनोलुलूकरानं पुढे मनगटाच्या छोट्या वर्तुळांवर उभी केलेली स्वतःची शैली काढली. आणि दानझान-र्‍यूच्या डोजोत नवा विद्यार्थी आला की आजही कुणीतरी पुढे होऊन त्याचं मनगट धरतं.