वॉटर पार्क निवडताना स्लाइड नका बघू, सावली बघा

नमस्कार मंडळी! परीक्षा संपल्या, आणि घराघरात "आई, वॉटर पार्कला कधी जायचं" हे पारायण सुरू झालं असणार. मग फॅमिली ग्रुपवर मतदान. मुंबईकडची मंडळी म्हणणार गोराईचं वॉटर किंगडम, 1998 सालचं आहे, जेट्टीवरून बोटीने जायचं, पोरं तिथेच निम्मी खूष. पुणेकर म्हणणार सिंहगडाकडे कृष्णाई आहे ना, जवळ पडतं, कशाला लांब जायचं. कुणीतरी लोणावळ्याचं वेट अँड जॉय काढणार, त्यांचंच एक शिर्डीलाही आहे, तिकडे जाणारे तर दर्शन सकाळी आणि पाण्यात दुपारी असा बेत आखूनच बसलेले असतात. आणि ज्याच्या हातात गाडीची चावी तो खोपोलीजवळचं इमॅजिका म्हणणार. तिथलं एक लक्षात ठेवा हं, थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, तिकिटं वेगळी. दोन्ही एकाच दिवसात उरकू म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो, त्याचं ऐकू नका.

आता यातलं निवडायचं कुठलं? सगळे व्हिडिओ बघतात, कुठली स्लाइड किती उंच, किती वळणाची. मी म्हणते, ते बघूच नका. स्लाइडवर जो चढणार नाहीये तो दिवसभर कुठे बसणार, ते बघा. परत सांगते, जो चढणार नाहीये, तो कुठे बसणार!

आमच्याकडे काय झालं ऐका. माझ्या मिस्टरांच्या आत्या, सत्तरी ओलांडलेल्या, कायम सुती साडीत. भाच्याने व्हिडिओ बघून पार्क ठरवलं, नाव नाही घेत मी. गेटवरच बॅग तपासली, दशम्या आणि लसणाची चटणी बाहेर काढायला लावली, मग आम्ही सगळ्यांनी पार्किंगमधेच बसून सकाळी दहाला जेवण उरकलं. ते असो. आत्या म्हणाल्या मी काही पाण्यात यायची नाही, मी आपली सावलीत बसते, तुम्ही खेळा. बरं, सावली कुठाय? चार छत्र्या, त्यांच्याखाली आधीच लोकांनी टॉवेल टाकून जागा धरलेल्या. फरशी अशी तापलेली की पाय टेकवत नाही. आत्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि त्यांना काय दिसलं, तर त्या लेझी रिव्हरवर, म्हणजे संथ वाहत्या पाण्याच्या गोल कालव्यावर, एक पूल होता आणि पुलाखाली गार सावली. त्या थेट निघाल्या तिकडे. लाइफगार्ड म्हणाला, आजी, साडीत नाही चालणार, नायलॉनचा कॉस्च्युम लागतो. सुताचे धागे फिल्टरमधे अडकतात ना, आणि स्लाइडवर कॉटन घसरतही नाही, म्हणून तो नियम बहुतेक ठिकाणी असतो. मला वाटलं संपलं, आता घरी जाईपर्यंत फुगून बसणार. तर ह्या गेल्या, डिपॉझिट भरलं, आणि निळी नायलॉनची पँट, ढगळ टीशर्ट, डोक्याला प्लॅस्टिकची टोपी, कपाळावर कुंकू तसंच, अशा बाहेर आल्या आणि ट्यूबमधे बसल्या!

त्या नदीचं कसं असतं, पाणी आपणहून फिरवत नेतं, आपण काही करायचं नाही. आत्या फिरायला लागल्या. मी काठावर धाकट्याला घेऊन. त्या समोरून जाताना म्हणाल्या, "सूनबाई, तुला सांगायचं राहिलं, त्या शरदच्या लग्नात..." आणि वळणावर गेल्या. आता मी बसले वाट बघत. पुढच्या फेरीला, "...त्याच्या सासूने अंगठी परत मागितली!" परत गायब. बाजूच्या दोन बायका माझ्याकडे सरकल्या, म्हणे कुणाची अंगठी हो? मग प्रत्येक फेरीला एक वाक्य, मधेच "धाकट्याच्या कानात पाणी गेलंय बघ", पुढच्या फेरीला परत अंगठी. लाइफगार्डसुद्धा शिट्टी हातात धरून ऐकत होता, त्याचं गाव, जमीन किती, लग्न ठरलं का, हे सगळं तोवर आत्यांनी काढून घेतलं होतं. आमचा भाचा तिकडे उंच स्लाइडच्या रांगेत उभा राहून भाजून निघाला. आत्या संध्याकाळी शिट्टी होईपर्यंत पाण्यात. अंगठी परत दिली का नाही ते गाडीत कळलं. नाही दिली.

तर लेझी रिव्हर आहे का, तिच्यावर आणि बसायच्या जागेवर सावली आहे का, हे फोन करून विचारा. सावली विचारा! आणि तो रेन डान्स, त्यात एवढ्या मोठ्याने गाणी कशाला लावतात मला कळत नाही, पाऊस पडताना कुठे डीजे असतो का? पोरांना पोहायला शिकवा त्यापेक्षा, ते आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही.

वेळ थोडा राहिलाय, पटपट सांगते. मुलांचं तिकीट बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर असतं, मोठ्या स्लाइडलाही उंचीची पट्टी असते, घरून मोजून जा म्हणजे रांगेच्या टोकाला जाऊन रडारड नको. क्लोरीनचा भपकारा येतोय म्हणजे पाणी स्वच्छ असं समजू नका, घाम आणि बाकीचं जे काय पाण्यात मिसळतं ना, त्याच्याशी क्लोरीन मिळून तो वास येतो. तळाची फरशी स्पष्ट दिसली पाहिजे, तळ दिसला पाहिजे. वेव्ह पूलमधे लाटा जिकडून येतात ती भिंतीकडची बाजू खोल असते, लाटा सुरू व्हायचा भोंगा झाला की लहान मूल हाताला धरा, फोटो नंतर. आणि रविवार टाळा, मंगळवार-बुधवारी जा, ऑनलाइन तिकीटही स्वस्त पडतं पुष्कळदा.

स्टुडिओच्या काचेतून खुणा चालल्यात मला. येते, नमस्कार!