अध्यक्ष टेलचा, मध्याचा, हेडचा

[दृश्य: ओझर परिसर. द्राक्षबागांच्या कडेने वाहणारी चारी, म्हणजे कालव्याचा छोटा फाटा.]

निवेदन:
नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याचा कालवा खाली ओझरपर्यंत येतो. एके काळी तो नकाशातच यायचा. वरच्या शिवारात पाणी मुरायचं, उपसलं जायचं, आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाटबंधारे खात्याकडे अर्ज करत राहायचा.

बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या सुमारास इथं शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या करायला घेतल्या. पहिल्या तीन निघाल्या त्या टेलला. साहजिकच होतं, हेडच्या, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीच्या माणसाला दारात पाणी असताना संस्था कशाला हवी? पुढे साऱ्या लाभक्षेत्रात 24 संस्था झाल्या, आणि त्या सगळ्यांची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था.

[दृश्य: चारीच्या तोंडाशी पाणी मोजण्याची जागा. पट्टीवरचे आकडे.]

व्यवहार असा. खातं संस्थेला पाणी मोजून देतं. आतली वाटणी संस्थेची, पाणीपट्टीची वसुलीही तिचीच. कोणी काय पिकवायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

2005 साली महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या सिंचन व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. संचालक मंडळात हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांतून सारखेच संचालक निवडायचे, आणि अध्यक्षपदही या तीन भागांत आळीपाळीने फिरवायचं. गावात निवडणूक म्हटली की भावकी आली, पक्ष आला. इथं कायदा आधी विचारतो, तुमची जमीन कालव्यावर कुठं आहे? कारण पाण्याचं भांडण तिथूनच सुरू होतं. मंडळ एकट्या हेडच्या हाती गेलं, तर टेलला पाणी का पोहोचलं नाही, हे विचारायला बैठकीत कोणी उरत नाही.

[दृश्य: कुलूप लावलेली खोली. धूळ बसलेली दप्तरं.]

कायदा झाला म्हणून सगळीकडे वाघाड झालं नाही. राज्यात कितीतरी संस्था नोंदणीपुरत्या उरल्या. पाणी मोजायची सोयच मोडलेली असेल, तर सचिवाने सभेत वाचायचं काय? पाणीपट्टी थकते, दुरुस्तीला पैसा उरत नाही, मग सभासदही सभेला फिरकत नाहीत. अध्यक्ष टेलचा असला तरी अशा ठिकाणी त्याच्या हाती फक्त शिक्का असतो.

[दृश्य: आवर्तनाआधीची, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याआधीची सभा. फळ्यावर खडूने लिहिलेले आकडे.]

म्हणून सभेत ऐकायच्या त्या तीनच गोष्टी. आपला कोटा किती, मोजून आलं किती, आणि कोणत्या चारीला किती तास मिळाले. हा हिशेब फळ्यावर असला की मागच्या रांगेतला अर्ध्या एकराचा सभासदही अध्यक्षाला अडवून विचारतो, “आमची पाळी दोन तासांनी कमी कशी झाली?”