भांडेवाडीची पारख

(दृश्य: कबाडाची शेड, पोती, निवडणाऱ्या बायका)

नागपूरच्या घराघरांतून निघालेलं प्लास्टिक भांडेवाडी कचरा डेपोजवळच्या या शेडमध्ये येऊन पडतं. शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन, दुधाच्या पिशव्या. यातलं बहुतेक पॉलिथिन.

आता मावशींचे हात बघा. बाटली उलटी केली, बुडाशी त्रिकोणात २ दिसला, गेली डावीकडच्या पोत्यात. हा कडक माल. दुधाची पिशवी बोटांत चोळली. मऊ आहे, ताणली की लांबते. ती उजवीकडे. छाप पुसलेला तुकडा टबात टाकतात. पॉलिथिन तरंगतं, पीव्हीसी आणि पाण्याच्या बाटलीचं पेट बुडतं. चुकीचा तुकडा आत गेला की अख्खा घाणा बिघडतो, म्हणून मशीनच्याही आधी ही नजर महत्त्वाची.

(दृश्य: कटर, धुलाई, मशीन)

भुगा होतो, धुतला जातो, वाळतो. मग २०० अंशांच्या आसपास वितळून शेवेसारखा जाळीतून बाहेर येतो, पाण्यात थिजतो आणि कापला जातो. हा दाणा. यातून शेतातले पाईप, घमेली, कुंड्या होतात.

(दृश्य: दाण्यांनी भरलेली ओंजळ)

या पॉलिथिनचा जन्म योगायोगाचा. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली तापवला जात होता. भांड्यात पांढरा, मेणचट थर उरला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या केबलींवर आवरण म्हणून चढला. १९५३ साली जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ कार्ल झीग्लर यांनी उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, वापरून कमी दाबातही तो बनवून दाखवला. कॅन आणि ड्रम होतात ते कडक पॉलिथिन त्या वाटेनं आलं, आणि १९६३ साली झीग्लर यांना इटलीचे रसायनशास्त्रज्ञ नाट्टा यांच्यासोबत नोबेल मिळालं.

(दृश्य: नाग नदीचा काठ)

कॅरीबॅगची पातळ पन्नी मात्र शेडपर्यंत पोचत नाही. किलोभर वजनाला शेकडो गोळा कराव्या लागतात, त्यात चिखल. कबाडी भाव देत नाही. २०१८ पासून राज्यात कॅरीबॅगवर बंदी आहे, तरी नदीकाठ हा असा आहे.

(दृश्य: पुन्हा शेड, मावशींचे हात)

या बायकांच्या हातात मोजे नाहीत. ओल्या कचऱ्यातून आलेली पिशवी त्यांना नखानं सोलून काढावी लागते. घरीच धुऊन वेगळी दिली तर थेट पोत्यात जाते. आणि दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकू द्या. सुटलेला तेवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, तो नालीत जातो.