खिळं ठोकायचं न्हाईत: सायकलवरचा एकट्याचा तंबू

साताऱ्यातून कासकडं निघालं की यवतेश्वरचा घाट लगेच सुरू होतो, पाय मोकळे व्हायच्या आत चढ. आणि या चढावर सामान लादलेली सायकल रेटणारा प्रत्येक जण मनातल्या मनात एकच हिशोब करत असतो, मागचं काय काढून टाकलं तर बरं होईल. पहिला नंबर तंबूचाच लागतो. म्हणून मग विकत घेताना सगळे वजनावरच अडतात, किलोच्या आत बसतोय का, आठशे ग्रॅमचा मिळेल का वगैरे. ते बघायचंच, पण त्याच्या आधी हे बघा की रात्री तुम्ही पाठ टेकणार कुठं.

आपल्याकडं एकटा सायकलवाला झोपतो कुठं? देवळाच्या मंडपात, झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात, पेट्रोल पंपाच्या मागं, नाहीतर कुणाच्या तरी मळ्यात विचारून. देवळात गुरवमामा नाही म्हणत नाहीत, वर चहा पण विचारतात, फक्त एक अट असते, "ऱ्हा की बाळा, पण हितं खिळं ठोकायचं न्हाईत हां, फरशी नवी हाय."

झालं, तुमचा आठशे ग्रॅमचा तंबू तिथंच संपला. कारण बरेचसे अतिहलके तंबू खुंट्यांच्या ताणावर उभे राहतात, खुंटी नाही तर तंबू नाही, नुसतं कापड. त्यातले काही तर ट्रेकिंगच्या काठीवर उभे करायचे असतात आणि सायकलवाला काठी आणणार कुठनं, म्हणजे ती वेगळी वाहायची.

फरशी सोडा, उघड्यावर तरी काय? पश्चिमेला पठारांवर वर जांभा, त्याच्यावर बोटभर माती. माणदेशात मुरूम. खुंटीवर दगड घातला की खुंटी वाकते, आत काय जात नाही. आणि सांगलीकडं कृष्णाकाठच्या काळ्या रानात ती लोण्यात गेल्यासारखी जाते, पण रान भिजलेलं असलं तर तशीच निघून पण येते.

त्यामुळं आमचं मत सरळ आहे, या भागात फिरायचं तर फ्रीस्टँडिंग तंबू घ्या, म्हणजे पोल (तंबूच्या घडीच्या काठ्या) एकमेकांना छेद देऊन जातात आणि तंबू स्वतःच्या पायावर उभा राहतो. सेमी-फ्रीस्टँडिंग पण चालतो, त्यात पायाकडचे दोन कोपरे तेवढे ताणून धरावे लागतात, मग फरशीवर एक कोपरा भरलेल्या बाटलीला बांधायचा, दुसरा आडव्या केलेल्या सायकलीला, काम झालं. वारा मात्र विसरू नका, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, तिथं फ्रीस्टँडिंग तंबू पण दोऱ्या दगडांना बांधूनच ठेवायचा, नाहीतर तुम्ही पाणी आणायला गेला की तो निघाला फिरायला.

वजनाचं म्हणाल तर असा एकट्याचा तंबू साधारण सव्वा ते दीड किलोत बसतो. आठशे ग्रॅमवाल्यापेक्षा पाच-सातशे ग्रॅम जास्त, म्हणजे पाण्याची एक बाटली. ट्रेकरच्या पाठीला ते जाणवतं, इथं ओझं चाकावर आहे.

सायकलवाल्याला वजनापेक्षा लांबी जास्त नडते. नेहमीच्या तंबूत पोलची घडी होते, पण एकेक तुकडा पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास. ड्रॉप हँडल, म्हणजे खाली वळलेलं हँडल, असेल तर त्याच्या मधल्या जागेत गुंडाळलेला तंबू बसतच नाही, ब्रेकच्या लिव्हरला अडतो. मग पोल वेगळे काढून फ्रेमच्या नळीला किंवा कॅरियरवर लांबीत बांधायचे आणि कापड हँडलला. तीस सेंटीमीटरच्या आसपास घडी होणाऱ्या पोलचे खास सायकलसाठीचे तंबू पण मिळतात, महाग असतात.

आता पाऊस. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि माणला पाचशेच्या आसपास, त्यामुळं कुठं आणि कधी फिरणार ते आधी ठरवा. कापडावर ३००० मिमी लिहिलेलं असतं ते पावसाचं माप नव्हे, तीन मीटर उंच पाण्याचा दाब ते कापड झेलतं एवढाच त्याचा अर्थ. नायलॉन भिजलं की सैल पडतं, रात्री उठून ताणावं लागतं, पॉलिस्टर एवढं सैल पडत नाही आणि उन्हात पण जास्त टिकतं.

पण दिवाळीनंतर खरा त्रास दवाचा. कास पठारावर तंबूचा विचारच नको, राखीव वन आहे, पण खाली बामणोलीकडं कोयनेच्या पाण्याजवळ कुणाच्या जागेत परवानगीनं राहिलात तर सकाळी बघा, बाहेरचं कापड आतून पण ओलं. तुमच्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमते. एकपदरी तंबूत ते पाणी थेट स्लीपिंग बॅगवर. दुपदरी असेल तर मध्ये जाळीचा पदर राहतो, आणि तीच जाळी देवळाच्या मंडपात एकटी उभी करायची, वरचं कापड लावायचंच नाही, फुकटात मच्छरदाणी. उसाच्या पट्ट्यात डास काय असतात ते वेगळं सांगायला नको. आमच्या मते दुपदरी घ्यायला हे एकच कारण बास आहे.

आकार? सहा फुटी माणसानं आत आडवं होऊन बघावं, लेबलवरची लांबी भिंती तिरक्या असल्यानं पूर्ण मिळत नाही. बसल्यावर डोकं टेकत नाही ना तेपण बघा, पावसात अडकलं की बसूनच दिवस काढायचा असतो.

खाली अंथरायला गावात फ्लेक्स फुकट मिळतो, दादांच्या वाढदिवसाचा, पण एकट्यापुरता तुकडा पण अर्धा किलो सहज भरतो. त्यापेक्षा पातळ प्लॅस्टिकचा कागद कापून घ्या, तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच, बाहेर राहिला तर पावसाचं पाणी गोळा करून तुमच्याच खाली आणतो.

सकाळी ओलाच गुंडाळावा लागला तर दुपारी जेवायला थांबाल तिथं कुंपणावर वाळत टाका. घरी आल्यावर पण दोन दिवस दोरीवर राहू द्या. ओलसर ठेवला की कापडाचं आतलं कोटिंग चिकट होतं, कुबट वास सुटतो, आणि एकदा कोटिंग सुटायला लागलं की धुऊन काय उपयोग नाही.