दुखणं हजर असताना नाडी बघा

नमस्कार मंडळी. जुनी गाडी मधूनच ओढ का सोडते आणि त्याचं कारण कसं शोधायचं, हा आजचा विषय. आधी मला सांगा, गॅरेजच्या दारात पोचली की गाडी शहाण्यासारखी चालायला लागते, हा अनुभव किती जणांचा आहे? बघा, निम्मं सभागृह! दवाखान्याची पायरी चढली की पोराचा ताप उतरतो, तशातली गत. पण त्याला कारण असतं, आणि ते शोधता येतं.

माझी मारुती ८०० आहे, १९९४ची, कार्बोरेटरवाली. मागच्या मे महिन्यात ठाण्याहून परत येत होतो. शेजारी सौभाग्यवती, मागे मोठ्या वहिनी आणि आंब्याच्या दोन पेट्या. कसारा घाटात अर्ध्यावर गाडी गुदमरायला लागली. ॲक्सिलरेटर दाबावा तसा इंजिनाचा आवाज खोल जायचा. वेग चाळीस, तीस, वीस. मागे कंटेनर. कशीबशी कडेला घेतली, मिनिटभर आयडलवर ठेवली, आणि पुन्हा ठणठणीत. इगतपुरीपर्यंत असं तीनदा झालं. घोटीच्या पुढे नाशिकपर्यंत एक झटका नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हिला चढच सोसत नाही." त्यांचं निदान सगळ्यांत जवळचं होतं, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचं नाव नको, पण राग अजून आहे. आधी प्लग बदलले. मग ठिणगी देणारी कॉइल. मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर उतरवून नवं किट टाकलं. मग पेट्रोल पंप. दरवेळी जागेवर उभी करून रेस द्यायची आणि म्हणायचं, "काका, एकदम ओके." नऊ हजार चारशे रुपये गेले आणि पुढच्या घाटात दुखणं जसंच्या तसं. मिस्त्री कामसू होता, हात स्वच्छ होता. पण गाडी आजारी असताना त्याने तिला एकदाही पाहिलं नाही. जागेवर रेस देताना इंजिनावर भार नसतो, पेट्रोल थोडंसंच लागतं. चढावर त्याच्या कितीतरी पट लागतं. मग दोष गॅरेजमध्ये दिसणार कसा?

मी सातपूरला टूलरूममध्ये नोकरी केली. मशीन अधूनमधून माप चुकवत असेल, तर ते चुकवतं त्या पाळीला आपण तिथे उभं राहायचं, हे तिथे पहिल्या वर्षी शिकलो. म्हणून भाच्याला घेऊन नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढलो. गाडी गुदमरली त्याच क्षणी कडेला घेतली, चावी बंद केली, चाकामागे दगड लावला आणि बॉनेट उघडलं. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर आहे. तो जवळजवळ रिकामा! म्हणजे पंप, कार्बोरेटर, कॉइल सगळे निर्दोष. पेट्रोल मागूनच येत नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं, तर हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज नाही. म्हणजे झाकणाचं भोकही मोकळं.

उरली टाकीजवळची रबरी नळी, वीतभर लांबीची. घरी आणून उभी चिरली. आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला होता. पंपाने जोर लावला की पापुद्रा उठून वाट बंद करायचा. ओढ कमी झाली की परत बसायचा. आणि ऐका, गॅरेजवाल्याने लाइन हवा मारून तपासली होती! पण इंजिनाच्या बाजूने टाकीकडे. त्या दिशेने पापुद्रा चापून बसतो आणि हवा सुळकन जाते.

जाता जाता, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्या काळच्या नळ्या त्यासाठी केलेल्याच नव्हत्या. गाडी जुनी असेल तर सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या. शिवाय कार्बोरेटरच्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतून पंप पेट्रोल शोषून घेत असतो. तिला बारीक चीर गेली तर पेट्रोल ठिबकेलच असं नाही, हवा आत शिरते. जमिनीवर डाग शोधत बसाल आणि काही सापडणार नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य भाग राहिलाच, तो भराभर सांगतो.

ओढ कशी गेली ते लिहून ठेवा. हळूहळू, भाराबरोबर गेली तर पेट्रोल. दिवा विझावा तशी एका क्षणात गेली तर ठिणगी: कॉइल, कंडेन्सर, सैल वायर. परत यायला किती वेळ लागला तेही लिहा. मिनिटभरात आली तर पेट्रोलची वाट अडते आहे. वीस-तीस मिनिटं थंड झाल्यावरच आली तर तापून बिघडणारी कॉइल, किंवा नळीत पेट्रोलची वाफ. पंपावर ओलं फडकं टाकून लवकर सुधारली तर वाफ. इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सरही असाच तापल्यावर दगा देतो. थांबूनही सुधारत नसेल, तर सायलेन्सर किंवा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का बघा.

त्यासाठी व्हॅक्यूम गेज लावतात, म्हणजे इंजिन हवा शोषताना किती पोकळी होते ते मोजणारं मीटर. पुस्तकात आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. आपलं नाशिक साधारण ६०० मीटरवर, इथे दोनेक इंच कमीच दिसणार. त्यावरून निरोगी इंजिन खोलू देऊ नका. इंजिन २५०० फेऱ्यांवर धरलं असता काटा हळूहळू उतरत गेला, तर मात्र धूर कोंडतोय.

चिरलेली नळी टेबलावर ठेवली आहे. दोन्ही बाजूंनी बोट घालून बघा, पापुद्रा कुठल्या दिशेला उठतो ते हाताला लागेल.